ताणकाट्याला विचारा

चेन्नईत एग्मोर स्टेशनजवळ पुदुपेट आहे. जुन्या गाड्या मोडून त्यांचे सुटे भाग विकणारा हा बाजार पाहिला की मुंबईकराला कुर्ल्याचं भंगार आठवेल. अशा ठिकाणी जीप किंवा टेम्पोचं डिफरन्शियल जुळवणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडे दोन वस्तू नक्की सापडतात, सुतळी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला असतो तसा ताणकाटा. पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधल्या लहान गिअरच्या, फ्लँजला सुतळीचे दोन-तीन वेढे द्यायचे, टोक काट्याला अडकवायचं आणि सावकाश ओढायचं. नजर काट्यावर. पहिल्या हिसक्याचा आकडा धरायचा नाही, पिनियन एकसारखा फिरू लागल्यावर जो दिसतो तो खरा.

पिनियनचा नट तर टॉर्क पान्ह्याने आवळलेला असतो, मग ही उठाठेव कशाला?

पिनियन दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो. यांतले रोलर निमुळते असतात, म्हणून वजनाबरोबर बाजूचा रेटाही पेलतात. हेन्री टिमकन हा अमेरिकेतला घोडागाड्या बनवणारा कारखानदार. वळणावर चाकाच्या बेअरिंगावर येणाऱ्या आडव्या रेट्यावर तोडगा म्हणून त्याने 1898 मध्ये या बेअरिंगाचं पेटंट घेतलं. पिनियनवर ही जोडी उलटसुलट तोंडांनी बसते. नट आवळला की दोन्हीकडचे रोलर आपापल्या वाटीत घट्ट बसतात. गाडीचा भार यायच्या आधीच दिलेला हा दाब म्हणजे प्रीलोड. तो कमी पडला तर पिनियन मागेपुढे सरकतो, क्राउन या मोठ्या गिअरच्या दात्यांशी त्याची गाठ चुकते आणि डिफरन्शियल रडू लागतं. जास्त झाला तर बेअरिंग तापतं, तापून फुगतं आणि फुगल्याने आणखी आवळतं. त्यानंतर ते फार दिवस टिकत नाही.

आता पान्ह्याचं. टॉर्क म्हणजे पीळ: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक न्यूटन जोर लावला की एक न्यूटन-मीटर. पण नटाला दिलेल्या पिळापैकी साधारण नऊ दशांश आटे आणि नटाखालची बैठक यांच्या घर्षणातच जिरतो. उरलेल्या दहाव्या हिश्शावर खरा दाब. आट्यांना तेल लागलं, गंज धरला, की पान्ह्यावरचा आकडा तोच राहून दाब बदलतो. त्यात अनेक गाड्यांत दोन बेअरिंगांच्या मध्ये एक चेपणारी नळी असते, क्रश स्लीव्ह. तिला चेपायलाच दोन-तीनशे न्यूटन-मीटर लागू शकतात. आणि बेअरिंगाला हवा तो फिरण्याचा अडसर किती? एक-दोन न्यूटन-मीटर! मालगाडीच्या वजनकाट्यावर केशर तोलण्याचा हा प्रकार.

म्हणून नट किती घट्ट हे बाजूला ठेवून पिनियन किती जड फिरतो ते मोजायचं. फ्लँजची त्रिज्या 5 सेंटीमीटर आणि काट्यावर 3 किलो, तर 3 गुणिले 9.8 गुणिले 0.05, म्हणजे जवळजवळ दीड न्यूटन-मीटर. शाळेतलं गणित, पण गॅरेजात फार थोडे करतात. ऑइल सीलचा अडसरही या आकड्यात मिसळतो, हे विसरायचं नाही.

पुदुपेटच्या गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. मॅन्युअलमधला मुख्य आकडा बहुधा नव्या बेअरिंगाचा असतो. वापरून गुळगुळीत झालेल्या बेअरिंगाला साधारण निम्माच लावतात. आणि डिफरन्शियलचा नियम सगळीकडे चालत नाही. पुष्कळ ट्रकांच्या हबात हेच टेपर बेअरिंग असूनही दाब देत नाहीत, उलट केसभर ढील ठेवतात. कोणता आकडा कुठला, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावं.

हे सगळं करताना नट जरा जास्त आवळला गेला, तर तो सैल करून भागत नाही. चेपलेली नळी पुन्हा ताठ होत नाही. डिफरन्शियल खोललंच असेल तर नवी स्लीव्ह मागून घ्या, आणि मिस्त्री सुतळी ओढत असेल तेव्हा जवळ उभे राहून काटा स्वतः वाचा.