पितळेची पारख

भांडें विकत घेतांना आपण त्याची चकाकी पाहतों, बोटानें वाजवून नाद ऐकतों आणि निश्चिंत होतों. रायफलीच्या काडतुसाचें पितळ मात्र इतक्यानें पारखतां येत नाहीं.

ह्या पितळेंत ७० टक्के तांबें व ३० टक्के जस्त असतें. त्याची चकती साच्यांतून वारंवार ओढून नळी करितात. तेणेंकरून धातु कठीण होतो. पण त्याच्या आंत ताणही कोंडून राहतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं.

हिंदुस्थानांतील ब्रिटिश लष्करास ह्याचा प्रत्यय आला. पावसाळ्यांत घोड्यांच्या पागांजवळ सांठविलेलीं कोरीं काडतुसें आपोआप तडकूं लागलीं. दोष ऋतूच्या माथीं गेला. पुढें १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्या संशोधकांनीं खरें कारण दाखविलें: घोड्यांच्या मूत्रापासून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेंत कोंडलेला ताण. ह्यास उपाय म्हणजे नळी बेताच्या आंचेवर तापवून तो ताण घालविणें. तो गेला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नमुन्याची नळी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवीत. ताण उरला असल्यास तिला तडा जाई.

एकदां उडालेली नळी पुन्हां भरावयाची असल्यास अधिकच जपावें लागतें. दर बारास तिचें तोंड कठीण होतें व बुडाजवळची भिंत पातळ होत जाते. तेथें ती फाटल्यास तप्त वायु नेम धरणाऱ्याच्या तोंडावरच उसळण्याचा धोका असतो.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, पितळ उघडें पडावयाचेंच असेल, तर तें रणांगणावर न पडतां परीक्षागृहांत पडलेलें बरें!