दुसऱ्या गाडीचे कागद

गेल्या आषाढातली गोष्ट. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळ ट्रॅफिक हवालदारांनी हात केला. मी निर्धास्त. सीटबेल्ट लावलेला, लायसन्स पर्समध्ये आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदांची फाईल! ऐटीत पुढे केली.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ''ताई, इन्शुरन्स संपलाय. पंचवीस दिवस झाले.''

''असं कसं होईल? आमचे हे दरवर्षी भरतात.''

''याच गाडीचा भरतात ना?''

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, ''अहो साहेब, गाडी आमच्या घरचीच आहे!'' जणू घरच्या गाडीला विमा लागतच नाही. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. शेजारून शाळेतली एक सहकारी स्कूटीवरून गेली, तिनं नेमकं पाहिलंच.

दोन हजारांचं चलान झालं. गाडी यांच्या नावावर, त्यामुळे मेसेज यांच्या मोबाईलवर माझ्याआधी घरी पोचला होता. ''अगं, मला वाटलं तू बघितलं असशील.'' ''मला वाटलं तुम्ही!'' पुढचा संवाद मैत्रिणींना सांगायला नको.

आमच्याकडे दोन गाड्या. यांची नवी. तिचं सर्व्हिसिंग, विमा सगळं वेळच्या वेळी. जुनी वॅगन आर 'माझी'. भाजी, क्लास, दवाखाना, लग्नकार्य सगळं तिच्यावर, पण कागदोपत्री ती कुणाचीच नाही. विमा कंपनीचे आठवणीचे मेसेज यांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होते. यांची चूक म्हणून मोकळी होणार होते, पण गाडी रोज मी चालवते. फाईल दाखवायची ऐट माझी, तर आतली तारीख वाचायचं कामही माझंच होतं.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विम्याशिवाय गाडी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघंही दोषी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता २०२२ मध्ये ठरला तो २,०९४ रुपये, कर वेगळा. म्हणजे दंडाच्या पैशात जवळपास वर्ष निघालं असतं.

पण त्या रात्री झोप उडाली ती दंडामुळे नव्हे. आठच दिवसांपूर्वी मंडईत गाडी मागे घेताना एका सायकलवाल्या मुलाला धक्का लागला होता. कोपर खरचटलं, ड्रेसिंग करून आणलं. त्याची आई म्हणाली, ''राहू दे बाई, पोरगं रोजच पडतंय.'' मी हसून घरी आले होते. तेव्हाही विमा नव्हताच! कोपराऐवजी डोकं आपटलं असतं तर? विमा असेल तर जखमीची किंवा मृताच्या घरच्यांची भरपाई कंपनी देते, तिला रकमेची मर्यादा नाही. विमा नसेल तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम गाडीमालकानं भरायची. घर विकून भरा नाहीतर पगारातून. आणि त्या आईनं ती आमच्याकडून कधी नि कशी वसूल केली असती?

दुसऱ्याच दिवशी विमा काढला. पूर्ण पॉलिसी हवी म्हणून कंपनीनं आधी गाडीची तपासणी केली, मुदत उलटली की करतात. नव्वद दिवस उलटले असते तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनसही गेला असता. मधले पंचवीस दिवस मात्र भरून निघत नाहीत, नवा विमा मागचं झाकत नाही.

आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी गाड्यांच्या तारखा लिहिल्यात. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घातला की विम्याची मुदत दिसते, हे लेकीनं शिकवलं. शिकवता शिकवता तिनं स्वतःच्या स्कूटीचा नंबर घातला. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे घेतल्यापासून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

नऊ दिवस उरले होते.