मजल दरमजल

विद्यार्थी मित्रांनो, 'मंझिल' हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. जिथे पोहोचायचे ते ठिकाण, या अर्थाने आपण तो उर्दूत वापरतो. हाच शब्द मराठीत 'मजल' होऊन आला. येताना त्याचा अर्थ मात्र थोडा बदलला. एका दिवसात जेवढी वाट पुरी होते, ती एक मजल. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ 'उतरण्याची जागा' म्हणजे मुक्काम असा आहे. पूर्वीचे काफिले, सैन्ये आणि यात्रेकरू असेच एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जात. यालाच मराठीत 'मजल दरमजल करणे' असे म्हणतात.

आज आपण मित्रांबरोबर चार दिवस सायकलवरून करायच्या सफरीची माहिती घेणार आहोत. अशी सफर म्हटली की मुलांना वाटते, तिच्यासाठी पहिलवानासारखे पाय हवेत आणि महागडी सायकल हवी. ही समजूत खरी नाही. सफर पार पडते ती मजल नीट ठरवल्यामुळे आणि सोबत्यांना धरून राहिल्यामुळे.

एक खरे उदाहरण पाहा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. आजच्यासारख्या हलक्या सायकली त्यांच्याजवळ नव्हत्या. कित्येक ठिकाणी तर धड रस्ताच नव्हता. इराण, इराक, सीरिया, युरोपातील देश, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा प्रवास झाला आणि १८ मार्च १९२८ रोजी हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे मुंबईला परतले. सहांपैकी या तिघांनीच प्रदक्षिणा पुरी केली. त्यांनी सायकलवरून कापलेले अंतर होते सुमारे ७१,००० किलोमीटर!

आकडा ऐकून छाती दडपते. पण जरा वही-पेन्सिल घ्या. निघाल्यापासून परत येईपर्यंत १,६१६ दिवस झाले. ७१,००० ला १,६१६ ने भागा. उत्तर येते सुमारे ४४. म्हणजे ज्यांनी सायकलवरून जग पालथे घातले, त्यांची मजल सरासरी रोज ४४ किलोमीटरची होती. एवढे अंतर तर थोड्या सरावानंतर तुमच्यापैकी पुष्कळजण एका दिवसात जाऊ शकतील. त्या तरुणांचे मोठेपण एखाद्या दिवसाच्या वेगात नव्हते. उन्हातान्हात, परक्या मुलखात, साडेचार वर्षांच्या आसपास ते मजलीमागून मजल करीत राहिले, यात त्यांचे मोठेपण होते.

आता आपल्या रत्नागिरीकडे वळू. समजा, तुम्ही मित्रांनी रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला हर्णैपर्यंत जायचे ठरवले. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेत तर अंतर नव्वदेक किलोमीटर भरेल. कोणी म्हणेल, "दोन दिवसांत सहज होईल!" पण पट्टीला कोकण ठाऊक नसते. सायकलच्या चाकाला हीच वाट सुमारे १५० किलोमीटरची पडते.

असे का होते? आपल्या किनाऱ्यावर दर काही मैलांवर एखादी नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. जयगडला शास्त्री आणि दाभोळला वाशिष्ठी. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच, सपाट सडे आहेत. त्यामुळे रस्ता सड्यावरून वळणे घेत खाली गावात उतरतो, नारळी-पोफळीच्या बागांतून जातो आणि पुन्हा वळणे घेत सड्यावर चढतो. म्हणून कोकणात नुसते किलोमीटर मोजून चालत नाही. चढही मोजावे लागतात.

हे ध्यानात घेऊन मजली अशा ठरवता येतील. पहिल्या दिवशी रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे, तिथून कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आणि पुढे जयगड. दुसऱ्या दिवशी जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागर. तिसऱ्या दिवशी गुहागरहून धोपावे. तिथे फेरीबोटीत सायकली चढवायच्या आणि पलीकडे दाभोळला उतरायचे. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे मोठे नावाजलेले बंदर होते. तिथली सतराव्या शतकातील दगडी शाही मशीद थांबून अवश्य पाहा. नंतर दापोली गाठायची. यांतील प्रत्येक मजल चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. चौथ्या दिवशी दापोलीहून हर्णैला उतरायचे. ही मजल मुद्दाम छोटी, पंधरा-सोळा किलोमीटरचीच ठेवली आहे. आदल्या तीन दिवसांत कुठे उशीर झाला, तर तो या दिवशी भरून निघतो. उशीर झाला नाही, तर हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव आणि समुद्रातील सुवर्णदुर्ग पाहायला वेळ मिळतो.

या चारांत तिसरा दिवस सर्वांत कठीण. दाभोळ समुद्रसपाटीला आहे आणि दापोली दोनशे मीटरहून अधिक उंचीवर. म्हणजे दिवसाची शेवटची वाट चढाची. त्या दिवशी पहाटे आळस केला, तर त्याचे फळ संध्याकाळी भोगावे लागते.

पहाटे निघायचे आणखी एक कारण आहे. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला आहात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात आपल्याकडे तो बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेला जाणाऱ्या सायकलस्वाराला तो थेट तोंडावर लागतो. मग सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखा दम लागतो. म्हणून डिसेंबरात उजाडताच, सातच्या सुमारास निघावे आणि दुपारी दोनपर्यंत मजल पुरी करावी. साध्या सायकलीचा वेग ताशी बारा किलोमीटर धरला, तर पंचेचाळीस किलोमीटरला पावणेचार तास लागतात. विसावा, चढ, न्याहारी, फेरीबोटीची वाट आणि एखादे पंक्चर मिळून आणखी तीन तास जातात. हिशेब असा मोकळा ठेवला, की घाई होत नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधारात घाटरस्त्यावर सायकल चालवण्याची वेळ मुळीच येता कामा नये. पावसाळ्यात तर ही सफर काढूच नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुमच्या गटात सहा-सातजण असतील. एखादा वाऱ्यासारखा पळेल, एखादा सावकाश चालेल. बहुतेक गटांत काय होते? वेगवान मुले पुढे जातात, झाडाखाली बसून वाट पाहतात, पाणी पितात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी मागचा सोबती घामाघूम होऊन येतो. त्याला पाहताच सगळे उठतात आणि म्हणतात, "चला, निघू या." म्हणजे ज्याला विसाव्याची गरज नव्हती त्याला विसावा मिळाला आणि ज्याला होती त्याला मिळालाच नाही! असे चार-पाच वेळा झाले, की तो थकतो, मनातून खट्टू होतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मी घरी जातो."

यावर उपाय सोपा आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. गटाचा वेग तोच ठरवील. ज्याला सायकलदुरुस्ती येते, त्याने सर्वांच्या मागे राहावे, म्हणजे कोणाची सायकल बिघडली तर तो पुढे निघून गेलेला नसेल. प्रत्येक फाट्यावर शेवटचा सोबती येईपर्यंत कोणी वळू नये. विसावा घ्यायचा तो सर्वांनी मिळून घ्यावा. रोजची मजलही त्या हळू चालणाऱ्याला विचारूनच ठरवा. त्याला चाळीस किलोमीटर झेपत असतील, तर गटाची मजल चाळीसचीच.

चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही. विज्ञानाच्या तासाला तुम्ही 'कार्य' शिकता. शंभर मीटर उंच चढायला जेवढे कार्य लागते, ते तुम्ही दहा मिनिटांत करा किंवा वीस मिनिटांत. उंची बदलत नाही, पण वीस मिनिटांत केल्यास दर मिनिटाचा भार निम्मा होतो. उतारावर मात्र खरी सावधगिरी हवी. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत वेग आधीपासूनच आवरावा. वळणावर पोहोचल्यावर एकदम पुढचा ब्रेक दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवा आणि डाव्या बाजूने एकामागून एक चला.

सामान थोडेच घ्या आणि ते पाठीवर न घेता कॅरिअरला घट्ट बांधा. ओझे खाली असले, की तोल सांभाळणे सोपे जाते आणि पाठही दुखत नाही. पंप, पाना, एक जादा ट्यूब, रबराचे तुकडे, सोल्यूशन आणि काचकागद एवढी हत्यारे गटाला पुरतात. पंक्चर काढायला निघण्यापूर्वीच शिकून घ्या. सीट एवढी उंच करा, की पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. सीट खाली असली तर गुडघे दुखू लागतात.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहा. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ घातलेले कोकम सरबत चांगले. दर तासा-दीड तासाने केळे, गूळ-शेंगदाणे, चपाती असे काहीतरी खा. पोट रिकामे ठेवून चालत राहिले, तर एकाएकी हातपाय गळून जातात.

निघण्यापूर्वी महिनाभर दर रविवारी सराव करा. भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत जाऊन येणे हा चांगला सराव आहे. चढ, उतार, वारा सारे त्यात आहे. घरच्यांची परवानगी घ्या आणि एखादे शिक्षक किंवा वडीलधारे माणूस बरोबर असू द्या. रात्रीच्या मुक्कामाची सोय, फेरीबोटीच्या वेळा आणि सायकली परत आणण्यासाठी टेम्पो ही व्यवस्था आधीच करा. वाटेत रोज संध्याकाळी घरी फोन करा.

मित्रांनो, मोठे काम पार पाडणाऱ्याविषयी मराठीत म्हणतात, "त्याने मोठी मजल मारली." हा वाक्प्रचार नीट ध्यानात ठेवा. मोठी मजल एका उडीत मारता येत नाही. परीक्षेचा अभ्यास असो, नवी भाषा शिकणे असो की दीडशे किलोमीटरची वाट असो, रोजचा वाटा रोज पुरा करावा लागतो. आणि सोबत निघालेले सारे सोबत पोहोचले, तरच ती सफर पुरी झाली असे म्हणावे.

स्वाध्याय

१. मराठीतील 'मजल' आणि उर्दूतील 'मंझिल' यांच्या अर्थांत कोणता फरक आहे?

२. नकाशावरील अंतरापेक्षा रत्नागिरी ते हर्णै ही वाट लांब का पडते?

३. उत्तरेला जाणाऱ्या सायकलस्वाराने पहाटे का निघावे?

४. हळू चालणाऱ्या सोबत्याला पुढे ठेवल्याने कोणता फायदा होतो?

५. सफर, मुक्काम, नकाशा, बंदर, हवा : हे शब्द मराठी वाक्यांत वापरा. तुमच्या घरच्या बोलीत ते कसे उच्चारतात ते सांगा.

६. उपक्रम : तुमच्या गावापासून एका दिवसाची मजल आखा. वाटेतील चढ, खाडी आणि विसाव्याची ठिकाणे दाखवणारा नकाशा काढा.