वाढवलेल्या पिकअपचा हिशेब

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. तेवढ्यात रस्ता हजार मीटरहून जास्त चढतो. सात माणसं, टपावर सामान आणि एसी चालू असला की आंबेनळी घाटात गाडी दुसऱ्या गियरवरून तिसऱ्यावर जायला तयार नसते. याच रस्त्यावर ज्याचं पोट आहे, त्याला जास्त पिकअप हवासा वाटला तर ती हौस नव्हे. म्हणूनच उमरठच्या त्या तरुणाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटली.

त्याची डिझेल गाडी हायवेवरच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये उभी होती. चढाला ओढत नव्हती, काळा धूर टाकत होती. त्याने इंजिनाचा रिमॅप करून घेतला होता. म्हणजे इंजिन चालवणाऱ्या ईसीयू या छोट्या संगणकातली फाइल बदलून डिझेल आणि टर्बोचा दाब वाढवला होता. टर्बो डिझेलमध्ये यातून २० ते ३० टक्के ताकद सहज वाढते. तक्रार मात्र वॉरंटीत बसवायची होती.

सर्व्हिस ॲडव्हायझरने बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पडद्यावर बिघाडाचे कोड आले आणि त्याखाली सॉफ्टवेअरची आवृत्ती व पडताळणीचा क्रमांक. हा क्रमांक फाइलमधल्या आकड्यांवरूनच तयार होतो, त्यामुळे आत एक आकडा बदलला तरी तो कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही.

“साहेब, जुनी फाइल परत टाकलीय मी,” तरुण म्हणाला.

“क्रमांक जुळतोय, दादा. पण ईसीयूवर किती वेळा लिहिलं गेलं, तेही आत राहतं.”

बऱ्याच नव्या गाड्यांत ही मोजणी असते आणि मूळ फाइल परत टाकणं हीसुद्धा त्यात एक नोंद ठरते.

मग मेकॅनिकने टर्बोचा पाइप सोडवला आणि बोटांनी शाफ्ट हलवून पाहिला. थोडी ढिलाई चालते. इथे पात्यांच्या कडा घराला घासून चमकत होत्या. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. दाब वाढवला की फेरे वाढतात, डिझेल वाढवलं की धुराची उष्णता वाढते. सपाट हायवेवर ही वाढ अधूनमधून लागते, घाटात ती सलग तासभर लागते. क्लच घसरणं आणि धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचणं हे त्याच्याच मागून येतं.

टर्बोचा क्लेम फोटोंसह कंपनीकडे गेला आणि नामंजूर झाला. पण त्याच गाडीची एसीची कूलिंग कॉइल गळत होती, ती मात्र वॉरंटीत बदलून मिळाली. मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ‘एकदा हात लावला की वॉरंटी गेली’ असं गॅरेजवर सर्रास म्हणतात आणि माणसं मग हक्काचा क्लेमही मागत नाहीत. खरं तर बदलाचा ज्या भागावर ताण येतो, त्या भागाचा प्रश्न असतो. रिमॅपमुळे टर्बो, इंजेक्टर, क्लच, गिअरबॉक्स वादात येतात. मोठ्या टायरांमुळे बेअरिंग आणि सस्पेन्शन. फॉग लॅम्पसाठी मूळ वायर कापून जोड दिला, तर त्या लाइनवरचं वायरिंग.

अमेरिकेत १९७५च्या कायद्याने बदल आणि बिघाड यांतलं नातं दाखवण्याचा भार कंपनीवर टाकला. आपल्याकडे वॉरंटीपुस्तिकेतल्या अटी आधी पुढे केल्या जातात, आणि त्या बहुतेकांनी गाडी घेताना वाचलेल्या नसतात. तरीही नुसतं तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नये. कोणत्या बदलामुळे कोणता भाग गेला, हे लेखी मागावं. तोच कागद पुढे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अलिबागच्या जिल्हा आयोगासमोर कामाला येतो.

आरटीओची बाब वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद आरसीवर करता येते. पण बाहेरून बसवलेल्या किटनंतर इंजिनाच्या वॉरंटीला कंपनी हरकत घेऊ शकते. कायद्याची परवानगी कंपनीला बांधत नाही. फेरफार विमा कंपनीला कळवायचा असतो, तेही बरेच जण विसरतात.

रिमॅप करणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी हे सगळं सांगायला हवं होतं. त्या तरुणाला कुणीच सांगितलं नव्हतं. टर्बोचं एस्टिमेट हातात आल्यावर त्याने नकाराचं कारण जॉबकार्डवर लिहून मागितलं आणि ॲडव्हायझरने ते सही-शिक्क्यासह दिलं.