बुद्धिबळाचा स्वाध्याय

कृष्णाकाठच्या जुन्या घरांतून बुद्धिबळाचा पट बहुधा असतोच. सुटीत मुले जमली की तो माळ्यावरून खाली येतो, आजोबा आणि नातू समोरासमोर बसतात, आणि घटका-दोन घटकांत कोणी तरी मात खाऊन उठतो. परंतु वर्षानुवर्षे खेळूनही बहुतेकांचा खेळ होता तेथेच राहतो. ह्याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे, तर अभ्यासाची रीत ठाऊक नसणे हे होय. ज्यास गुरू लाभला नाही व दिवसाकाठी तासाहून अधिक सवड नाही, अशा हौशी मनुष्याने आपल्याच बळावर कसे शिकावे, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

ग्रंथावरून बुद्धिबळ शिकणे ही कल्पना आपणांस परकी नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात तिरुवेंगडाचार्य शास्त्री ह्यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पटावरील अवघड प्रसंग मांडून अभ्यासकाची बुद्धी कसास लावणे हा त्याचा हेतू. त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ साली मुंबईस छापले गेले.

आज हौशी खेळाडूपुढे दोन प्रकारचे वाङ्मय असते. एक, वीस-पंचवीस खेळ्यांत आटोपणारे नामांकित लघुडाव. दुसरे, मोठ्या स्पर्धांचे सटीप संग्रह. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर लघुडाव हे सूत्र होय, आणि स्पर्धेतील डाव हे भाष्य होय. सूत्र चटकन् तोंडपाठ होते. परंतु भाष्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

लघुडावांत पॉल मॉर्फी ह्याचा १८५८ सालचा पॅरिस येथील डाव प्रसिद्धच आहे. संगीत नाटक चालू असता नाट्यगृहातच ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर ह्या जोडीशी तो खेळला. सोळाव्या खेळीस त्याने आपला वजीर देऊन टाकला आणि सतराव्या खेळीस हत्तीने मात केली. वाचणारा त्या वजिराच्या बलिदानावरच लुब्ध होतो. पण डाव पुन्हा मांडून पाहिला, तर खरा धडा निराळाच दिसतो. पांढऱ्याचे प्रत्येक मोहरे लढाईस आले. उलट काळ्याचा एक उंट व एक हत्ती अखेरपर्यंत जागेवरून हललेच नाहीत. वजीर त्या उंटाच्या तोंडाशीच आडवा उभा राहिला होता. मॉर्फीचा जय सोळाव्या खेळीत नव्हे, तर पहिल्या दहा खेळ्यांत निश्चित झाला होता. हे ज्याने ओळखले नाही, तो उद्या आपल्या भावाशी खेळताना उगाच वजीर देतो आणि हरतो.

लघुडावांचा दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. डाव इतक्या लवकर संपतो, तो बहुधा प्रतिपक्षी चुकला म्हणून. नुसते असे डाव वाचणाऱ्यास वाटू लागते की, प्रतिपक्षी नेहमीच चुकणार. समोरचा चुकला नाही, तर पुढे काय करावयाचे? ह्या प्रश्नाचे उत्तर स्पर्धांच्या डावांत मिळते.

१९२४ सालची न्यूयॉर्कची स्पर्धा घ्या. अकरा खेळाडू प्रत्येकाशी दोन दोन डाव खेळले. म्हणजे एकूण एकशे दहा डाव झाले. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेले लास्कर पहिले आले, तेव्हाचे जगज्जेते कापाब्लांका दुसरे आणि आलेखिन तिसरे. त्या स्पर्धेचा संग्रह आलेखिन ह्यांनीच टीपांसह सिद्ध केला. त्यातील कापाब्लांका व टार्टाकोव्हर ह्यांचा डाव अवश्य पाहावा. हत्ती आणि प्यादीच उरली असता कापाब्लांकाने आपली दोन प्यादी शहासह मारू दिली आणि तेवढ्यात राजास शत्रूच्या गोटात नेऊन बसविले. काळ्याचा राजा शेवटच्या ओळीत कोंडला गेला, आणि बावन्नाव्या खेळीस प्रकरण मिटले. येथे डोळे दिपविणारे काही नाही. राजा हाही लढणारा गडी आहे, येवढेच एक तत्त्व आहे. आपल्या घरगुती डावांत ते मॉर्फीच्या बलिदानापेक्षा शतपट उपयोगी पडते.

आता रीत. संग्रहातील एक डाव निवडावा. जिंकणाऱ्याची बाजू घेऊन बसावे. छापलेल्या खेळ्या कागदाने झाकाव्यात. प्रत्येक खेळीपूर्वी आपली खेळी व तिचे कारण वहीत लिहावे, मगच कागद सरकवावा. आपली खेळी ग्रंथातील खेळीशी न जुळल्यास लगेच टीप वाचू नये. आधी स्वतः कारण शोधावे. एक डाव आठवडाभर पुरला तरी चिंता नाही. घरातील एखाद्या मुलाने खेळ्या वाचून दाखवाव्यात. त्याचाही अभ्यास आपोआप होतो. महिन्यास दोन स्पर्धेचे डाव आणि चार लघुडाव येवढे पुरे. जोडीस आपण स्वतः हरलेला एक डाव तपासावा.

हल्ली संगणक क्षणार्धात उत्तम खेळी दाखवितो. तो टाकाऊ नव्हे. परंतु त्याचा उपयोग वही लिहून झाल्यावर करावा. उत्तर आधी पाहून गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्यास परीक्षेत काय येते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

कराडकरांस ह्या अभ्यासाची कसोटी पाहण्यास दूर जावे लागत नाही. कृष्णेच्याच काठी खालच्या अंगास सांगली आहे. भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांच्या परिश्रमाने तेथे १९४१ सालापासून नूतन बुद्धिबळ मंडळ उभे राहिले. सांगलीच्याच भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, ह्यांनी पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद आणि १९९१ साली आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. तेव्हा पट केवळ नातवापुढे मांडून भागणार नाही; नातीपुढेही मांडावा.

ह्या सर्व खटाटोपाने कोणी जगज्जेता होणार नाही, हे उघड आहे. परंतु खेळी करण्यापूर्वी ‘समोरच्याच्या मनात काय आहे?’ असे स्वतःस विचारण्याची सवय लागते. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबात ती सवय पटाबाहेरही कामास येते. पुढील रविवारी जेवणे आटोपल्यावर मॉर्फीच्या सतरा खेळ्या कागदाखाली झाकून आरंभ करून पाहावा.