घाटमाथ्यावरचा समुद्र

कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून उतरून वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळला समुद्रात जातं. समुद्र मात्र घाट चढून साताऱ्या-सांगलीत येतो तो मिठाच्या डब्यातून. सागरी माशांच्या टाकीसाठीचं खास मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, तेही आरओच्या पाण्यात. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात आधीच नायट्रेट असतं आणि त्यावर शेवाळ माजतं.

इकडच्या कित्येकांनी सागरी मासे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईत, 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. असा मासा घरात ठेवावा ही हौस वाढली 2003 च्या ‘फाइंडिंग नेमो’नंतर. मुहूर्त मात्र वाईट होता. 2005 नंतरच्या भारनियमनात तासन् तास वीज नसायची, आणि पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. कोयनेच्या जिल्ह्यातच इन्व्हर्टर हा टाकीचा पहिला खर्च ठरावा, याला काय म्हणायचं! सांगलीच्या मे महिन्यात त्यात चिलरची भर. शिवाय बाष्प होऊन उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे नवख्याला पटवावं लागतं.

तेव्हाची आणखी एक रीत म्हणजे नव्या टाकीत आधी निळी डॅमसेल सोडायची. स्वस्त आणि चिवट. मग तीच टाकीची मालकीण व्हायची आणि नंतर आलेल्यांना हाकलायची. अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे टाकी रिकामी चालवायची, हे शहाणपण रुजलं तसे लहान, शांत मासे टिकू लागले. फायरफिश उडी मारते, तिला झाकण हवं. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो आणि बीळ खोदते त्याची सोबतीण कोळंबी. माझ्या मते टाकीतलं सगळ्यात बघण्यासारखं बिऱ्हाड हेच. क्लाऊनफिश दिसते तितकी गरीब नाही. सगळी पिल्लं नर म्हणून वाढतात, जोडीतली मोठी ती मादी होते आणि हुकूम तिचाच चालतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. माणसांनाच घर सोडावं लागलं, तिथे टाकीची काय कथा.

कायद्याचीही ये-जा झाली. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं हा गुन्हा. 2017 च्या नियमांनी तर क्लाऊनफिशसह 158 जातींच्या विक्रीवर बंदी घातली होती. ते नियम पुढे मागे घेतले गेले. दरम्यान केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनफिशची पैदास टाकीतच करून दाखवली होती. टाकीत जन्मलेला मासा दाणेदार खाद्य मुकाट खातो, जाळ्यातून आलेल्याचे नखरे त्याला नसतात. मासा जाळ्यातला की हॅचरीतला, हे दुकानात विचारणारं गिऱ्हाईक मात्र अजून विरळाच.