नंबर मोठा, पण छिद्रं कुठली?

प्रवाळांच्या टाकीतलं पाणी इतकं हळूहळू पिवळं पडतं, की रोज बघणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. एका पांढऱ्या बादलीत टाकीतलं पाणी घ्या, शेजारच्या बादलीत ताजं कालवलेलं खारं पाणी ठेवा. फरक लगेच दिसेल. शेवाळ, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा हा रंग. शिवाय सार्कोफायटनसारखी मऊ प्रवाळं टर्पीन वर्गातली रसायनं पाण्यात सोडतात आणि शेजारच्या कठीण प्रवाळांची वाढ खुंटवतात. समुद्रात हे सगळं वाहून जातं, टाकीत मात्र साचत राहतं. ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो तो यासाठी. नायट्रेट किंवा अमोनियासाठी त्याच्यावर विसंबू नये, ते त्याचं काम नव्हे.

दुकानात गेलं की पाकिटावरचा आयोडीन नंबर दाखवला जातो: हजार, अकराशे. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो, त्याचं हे माप. पण आयोडीनचा रेणू अगदी लहान असतो. त्यामुळे हा नंबर मुख्यतः बारीक छिद्रं मोजतो, दोन नॅनोमीटरच्या आतली. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये अशीच छिद्रं जास्त. स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरमध्ये क्लोरीन काढायला तो उत्तम आहे आणि तिथे त्याला तोड नाही. टाकीतले पिवळे रेणू मात्र बरेच मोठे असतात. त्यांना दोन ते पन्नास नॅनोमीटरची छिद्रं लागतात. ती मिळतात बिट्युमिनस दगडी कोळशापासून किंवा लिग्नाइटपासून केलेल्या कार्बनमध्ये. मोठ्या छिद्रांची पारख मळीचा रंग किती उतरतो यावरून करतात. तो मोलॅसिस नंबर पाकिटावर असेल, तर आधी तो वाचावा.

मग लिग्नाइटच का घेऊ नये? तो ठिसूळ असतो, त्याची पूड फार होते. अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयातले जे हेमडाल यांनी सहकाऱ्यासोबत सर्जन माशांवर केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. लिग्नाइट कार्बन वापरलेल्या टाकीतल्या माशांच्या डोक्यावरची आणि कुशीच्या रेषेवरची कातडी झिजून खड्डे पडले. मत्स्यपालक या रोगाचं खापर वर्षानुवर्षं कधी आहारावर, तर कधी भटक्या विजेवर फोडत आले होते. कार्बनच्या बारीक पुडीवरचा संशय त्यानंतर बळावला. म्हणून माझी पसंती बिट्युमिनस कोळशाच्या, कडक, दाबून गोळ्या केलेल्या आणि आम्लाने धुतलेल्या कार्बनला. तो महाग पडतो, पण सर्जन मासे पाळणाऱ्याने इथे काटकसर करू नये.

राहिला फॉस्फेटचा प्रश्न. काही कार्बनच्या राखेतून फॉस्फेट पाण्यात उतरतो. लाकडाचा कार्बन तर अनेकदा फॉस्फोरिक आम्ल वापरूनच बनवतात. पाकिटावरच्या दाव्यापेक्षा घरची चाचणी बरी. पेलाभर आरओ पाण्यात चमचाभर कार्बन रात्रभर ठेवावा आणि सकाळी फॉस्फेट किटने ते पाणी तपासावं. नुसतं आरओ पाणीही तपासून ताडून पाहावं. कार्बन पाण्यात टाकल्यावर फसफसला म्हणजे तो उत्तम, असं सांगतात. त्यात तथ्य नाही, छिद्रांतली हवा बाहेर येते इतकंच.

वापरताना पाणी नितळ येईपर्यंत आरओ पाण्याने धुवावा. संपमध्ये जाळीच्या पिशवीत ठेवला तरी चालतो; रिॲक्टर असेल तर प्रवाह इतका मंद ठेवावा, की दाणे एकमेकांवर घासणार नाहीत. थोडा घालावा आणि दोन-चार आठवड्यांनी बदलावा. उकळून किंवा ओव्हनमध्ये भाजून तो पुन्हा कामाचा होत नाही. कारखान्यात त्यासाठी आठशे अंशांच्या वर तापवून वाफ द्यावी लागते.

खूप दिवस कार्बनविना चाललेल्या टाकीत पहिल्यांदा चौथाई मात्राच घालावी. पिवळेपणा गेला, की तोच दिवा प्रवाळांवर अचानक प्रखर पडतो आणि ती पांढरी पडू शकतात. तशी लक्षणं दिसली, तर आधी दिव्याची तीव्रता उतरवावी आणि कार्बन तसाच राहू द्यावा.